उन्हाळी वर्ग, छात्राध्यापक आणि विशेष शाळा : वऱ्हाडच्या शिक्षणेतिहासातील एक प्रश्न

शिक्षणाच्या इतिहासात शाळा, अभ्यासक्रम आणि परीक्षा ह्यांचा विचार विपुल झालेला आहे. सुट्टीचा विचार मात्र क्वचितच झाला आहे. सुट्टी म्हणजे शिक्षणाचा अभाव, अशीच सर्वसाधारण समजूत असल्यामुळे तिला स्वतःचा असा इतिहास असू शकेल, हे अभ्यासकांच्या ध्यानी सहसा येत नाही. वऱ्हाडच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. अमरावती आणि अकोला ह्या जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो, दुपारचे व्यवहार थंडावतात, आणि विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रातील शाळांपेक्षा उशिरा, जून सरत आला म्हणजे उघडतात. परंतु ह्याच दीर्घ आणि वरवर पाहता निष्फळ काळाचा उपयोग शिक्षक घडविण्यासाठी करण्याची एक ठळक परंपरा ह्याच भूमीत निर्माण झाली. ती परंपरा कोणत्या पायावर उभी राहिली, आणि दिव्यांग मुलांच्या विशेष शाळांना उन्हाळी उपक्रमांसाठी छात्राध्यापक नेमताना तिच्यातून काय घेता येईल, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. छात्राध्यापकाची मूळ संकल्पना

शिकणाऱ्याने शिकवावे, ही कल्पना आधुनिक शिक्षणशास्त्रात प्रथम व्यवस्थित मांडली गेली ती भारतभूमीवरील एका अनाथालयाच्या अनुभवावरून, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मद्रासनजीक एग्मोर येथे लष्करी सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी असलेल्या संस्थेचे अँड्र्यू बेल हे १७८९ पासून अधीक्षक होते. पुरेसे शिक्षक मिळेनात, तेव्हा त्यांनी मोठ्या मुलांकरवी लहान मुलांना शिकविण्याची पद्धत अवलंबिली, आणि १७९७ मध्ये लंडन येथे पुस्तिकारूपाने तिची माहिती प्रसिद्ध केली. हीच ‘मद्रास पद्धती’ पुढे इंग्लंडमध्ये फोफावली. स्वस्त शिक्षण हे तिचे आकर्षण होते आणि उथळ शिक्षण हा तिचा दोष होता. ज्याला स्वतःलाच विषय पुरता आलेला नाही, त्याच्या हाती वर्ग सोपविला म्हणजे पाठांतर होते, शिक्षण होत नाही, असा आक्षेप तिच्यावर लवकरच घेतला जाऊ लागला.

ह्या आक्षेपाला इंग्लंडमध्ये जे शासकीय उत्तर मिळाले ते १८४६ च्या योजनेच्या रूपाने. जेम्स के-शटलवर्थ ह्यांच्या पुढाकाराने आखलेल्या ह्या योजनेत वयाची तेरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींना पाच वर्षांच्या लेखी कराराने विद्यार्थी-शिक्षक म्हणून घेण्यात येऊ लागले. पहिल्या वर्षी १० पौंड आणि क्रमाने वाढत पाचव्या वर्षी २० पौंड असे विद्यावेतन ठरविण्यात आले. मुख्याध्यापकाने त्यांना रोज दीड तास स्वतंत्रपणे शिकवावयाचे होते. आणि त्या श्रमाबद्दल मुख्याध्यापकालाही एका विद्यार्थी-शिक्षकामागे ५ व दोघांमागे ९ पौंड वार्षिक मोबदला मिळावयाचा होता. बेल ह्यांच्या पद्धतीत आणि ह्या योजनेत जो मूलभूत फरक आहे तो पैशाचा नसून स्थानाचा आहे. पहिलीत शिकविणारा मुलगा ही केवळ संस्थेची सोय होती. दुसरीत त्याला स्वतःचे स्थान लाभले: तो शिकत होता हे मान्य होते, तो काम करीत होता हेही मान्य होते, आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्याचे श्रम हिशेबात धरलेले होते. छात्राध्यापकाच्या प्रश्नाचे हे तिन्ही घटक पुढील विवेचनात पुनःपुन्हा येतील.

भारतात हाच विचार नॉर्मल स्कूलांच्या द्वारे रुजला. ब्रिटिश अमदानीत वऱ्हाडात अकोला येथे असे नॉर्मल स्कूल होते. ह्या प्रकारच्या संस्थांची रचना सर्वत्र साधारणपणे सारखीच असे. शिकाऊ मास्तराला विद्यावेतन मिळे, त्याबद्दल काही वर्षे शाळाखात्यात नोकरी करण्याचे बंधन त्याच्यावर असे, आणि संस्थेला जोडलेल्या सराव-शाळेत अनुभवी शिक्षकासमोर त्याला पाठ घ्यावे लागत. वऱ्हाडातील खेड्यापाड्यांतून ‘नॉर्मल पास’ मास्तर ह्या शब्दांना जो मान होता तो केवळ परीक्षेचा नव्हता. देखरेखीखाली उमेदवारी केल्याची ती खूण होती.

२. अमरावतीचा उन्हाळी वर्ग

उन्हाळा आणि शिक्षक-प्रशिक्षण ह्यांची सांगड मात्र शाळाखात्याने घातली नाही. ती घातली अमरावतीच्या एका आखाड्याने. अनंत आणि अंबादासपंत ह्या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये जी संस्था स्थापन केली ती पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ह्या नावाने देशभर प्रसिद्धी पावली. ह्या मंडळाने १९२४ पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षण-वर्ग सुरू केले. मद्रास येथे १९२० मध्ये हॅरी क्रो बक ह्यांनी वाय. एम. सी. ए. च्या वतीने शारीरिक शिक्षणाची संस्था काढली होती. परंतु मल्लखांब, कुस्ती, लाठी, लेझीम आणि हुतूतू ह्यांसारख्या देशी प्रकारांना प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवून शिक्षक तयार करण्याचा अमरावतीचा प्रयत्न निराळा होता.

ह्या वर्गांचे यश केवळ राष्ट्रीय भावनेत शोधणे अपुरे ठरेल. त्यांच्या रचनेतच एक व्यावहारिक शहाणपण होते. सुट्टीत शाळा बंद असल्याने नोकरीतील शिक्षकाला रजा मागावी लागत नसे. शाळा-महाविद्यालयांच्या इमारती मोकळ्या असत. व्यायामाची वेळ पहाटेची आणि सायंकाळची असल्याने वऱ्हाडचे ऊन आड येत नसे. ह्याहून महत्त्वाचे म्हणजे वर्गास येणाऱ्याचे स्थान निःसंदिग्ध होते. तो विद्यार्थी म्हणून येई आणि परीक्षा देऊन, प्रमाणपत्र घेऊन शिक्षक म्हणून परत जाई. ‘व्यायाम विशारद’ ह्या मंडळाच्या पदवीला समाजात जी किंमत होती ती ह्या स्पष्टतेतून आलेली होती. १९३६ मध्ये बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली, तेव्हा बारा वर्षांच्या उन्हाळी वर्गांची शिदोरी त्याच्या पाठीशी होती.

ह्याच प्रांतात, वऱ्हाडच्या सीमेलगत वर्धा येथे, २१ एप्रिल १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते विद्यामंदिर प्रशिक्षण-शाळेचे उद्घाटन झाले. मध्यप्रांत-वऱ्हाडचे तत्कालीन शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल ह्यांच्या विद्यामंदिर योजनेसाठी शिक्षक तयार करणे हा तिचा उद्देश होता. भर उन्हाळ्यात आरंभ झालेला हाही एक प्रयोग. परंतु त्याचे भवितव्य निराळे ठरले. योजनेतील शाळेचा आणि शिक्षकाचा चरितार्थ गावाने दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर चालावा, अशी कल्पना होती. १९३९ च्या नोव्हेंबरात प्रांतिक मंत्रिमंडळे पायउतार झाली आणि योजनेचा राजकीय आधार गेला. शिक्षक उत्साहाने आले, प्रशिक्षितही झाले. पण त्यांना ज्या स्थानी जावयाचे होते ते स्थानच अस्थिर ठरले. अमरावती आणि वर्धा ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे असे दिसते की, अल्पकालीन प्रशिक्षणाचे यश प्रशिक्षणाच्या काळात ठरत नाही. ते प्रशिक्षणार्थी कोठून येतो आणि कोठे जातो, ह्यावर ठरते.

३. विशेष शाळेतील उन्हाळा

सर्वसाधारण शाळेतील मुलाला सुट्टी लागली म्हणजे त्याचे फारसे बिघडत नाही; जूनअखेर एक-दोन आठवड्यांत त्याची गाडी रुळावर येते. विशेष शाळेतील मुलाचे तसे नाही. बौद्धिक दिव्यांग असलेल्या मुलाने वर्षभराच्या सरावाने जेवणे, कपडे घालणे, रांगेत थांबणे ह्यांसारखी कौशल्ये मिळविलेली असतात. दीर्घ खंडात ती नाहीशी होऊ शकतात आणि पुन्हा मिळविण्यास कित्येक महिने लागू शकतात. कर्णबधिर मुलाच्या घरी खुणांची भाषा कोणास येत नसेल, तर सुट्टी म्हणजे त्याच्यासाठी दोन महिन्यांचे मौन होय. ब्रेल वाचणाऱ्या मुलाच्या हाती सुट्टीत ब्रेलचे पुस्तक नसेल, तर बोटांचा सराव मागे पडतो.

ह्या प्रश्नाला कायद्याच्या भाषेत प्रथम ठळक रूप मिळाले अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात. तेथे शाळेचे वर्ष १८० दिवसांचे असे आणि त्याहून अधिक दिवस शिक्षण देण्यास शासन तयार नव्हते. गंभीर स्वरूपाचे दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या वतीने ह्या मर्यादेला आव्हान देण्यात आले. १९७९ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने निर्णय दिला की, ज्या मुलांना खंडामुळे मोठी पीछेहाट सोसावी लागते आणि ती भरून काढण्यास फार काळ लागतो, त्यांच्या बाबतीत १८० दिवसांचा सरसकट नियम १९७५ च्या शिक्षणविषयक कायद्याशी विसंगत आहे. वरिष्ठ न्यायालयाने १९८० मध्ये हा निर्णय उचलून धरला. तेव्हापासून ‘विस्तारित शालेय वर्ष’ ही कल्पना विशेष शिक्षणाच्या परिभाषेत रुजली. भारतातील २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षे वयाच्या, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकाला शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि दिव्यांगत्वाचे प्रकार १९९५ च्या कायद्यातील ७ वरून २१ पर्यंत वाढविले आहेत. परंतु सुट्टीच्या खंडाचा स्वतंत्र विचार त्यात केलेला नाही.

वऱ्हाडात हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. अमरावतीचे डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आणि अकोल्याचे कनुभाई वोरा अंध विद्यालय ह्यांसारख्या शाळा ह्या दोन शहरांत आहेत. अशा शाळांचे क्षेत्र शहरापुरते नसते. मुले दूरच्या तालुक्यांतून, मेळघाटाच्या पायथ्यापासून खारपाणपट्ट्यापर्यंतच्या गावांतून येऊ शकतात, आणि सुट्टीत ती गावी पांगली की शाळेशी त्यांचा संबंध तुटतो. ह्याच्या दुसऱ्या टोकाला अचलपूर तालुक्यातील वज्झर येथील बालगृह आहे. शंकरबाबा पापळकर ह्यांनी बेवारस दिव्यांग मुलांसाठी उभारलेल्या ह्या आश्रमातील मुलांना सुट्टीत जाण्यासाठी घरच नाही. आश्रम हेच त्यांचे घर. अठरा वर्षांनंतरही अशा मुलांना संस्थेतच राहता यावे असा कायदा व्हावा, ही पापळकर ह्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ह्या बालगृहाला अंबादासपंत वैद्य ह्यांचे नाव दिलेले आहे. उन्हाळी वर्गाची परंपरा ज्या संस्थापकांनी घातली त्यांपैकी एकाचे नाव अशा ठिकाणी असावे की जेथे उन्हाळ्याला सुट्टी म्हणताच येत नाही, हा योगायोग ह्या दोन इतिहासांना जोडणारा आहे.

४. नेमणुकीची कोंडी

विशेष शाळेने उन्हाळी उपक्रम घ्यावयाचे ठरविले तर पहिली अडचण माणसांची येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत ६० पर्यंत मुलांसाठी २ शिक्षक पुरतात. विशेष शाळांचे प्रमाण अगदी निराळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निर्णयात, पक्के निकष ठरेपर्यंत, विशेष शाळांसाठी जे प्रमाण ग्राह्य धरले त्यानुसार मेंदूच्या पक्षाघाताच्या ८ मुलांमागे, बौद्धिक दिव्यांग किंवा स्वमग्न अशा ५ मुलांमागे, आणि अंध-बधिर २ मुलांमागे एक शिक्षक हवा. ४० बौद्धिक दिव्यांग मुलांचा उन्हाळी वर्ग ह्या हिशेबाने ८ शिक्षक मागतो. तेवढ्याच मुलांच्या साध्या प्राथमिक शाळेचे काम दोघांत भागते. वर्षभर राबलेल्या शिक्षकांनाही विश्रांती हवीच. तेव्हा छात्राध्यापकांकडे वळण्यावाचून शाळेला दुसरा मार्ग राहत नाही.

येथेच कोंडी निर्माण होते. भारतीय पुनर्वास परिषदेचा १९९२ चा कायदा १९९३ मध्ये अमलात आला. त्याच्या १३ व्या कलमानुसार मान्यताप्राप्त पात्रता आणि नोंदणी नसलेल्या व्यक्तीला पुनर्वास-व्यावसायिक म्हणून पद धारण करता येत नाही वा व्यवसाय करता येत नाही. उल्लंघनास एक वर्षापर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दिव्यांगांचे विशेष शिक्षक ह्या व्यावसायिकांच्या यादीत मोडतात. ह्या कायद्याने विशेष शिक्षणातील हौशीपणाला आळा घातला, हे त्याचे मोठे श्रेय होय. दयाबुद्धी हीच पात्रता समजण्याचा काळ त्याने संपविला. परंतु त्याचबरोबर छात्राध्यापकाचे स्थान संदिग्ध झाले. ज्याचा अभ्यासक्रम पुरा झालेला नाही त्याची नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणून त्याला शिक्षक म्हणून नेमता येत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहता, त्याला विद्यार्थी मानावे तर त्याच्या कामाची नोंद अभ्यासक्रमात होत नाही. २०१४ च्या नियमांनी बी. एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यात २० आठवड्यांचा शालेय छात्रसेवाकाल घातला. विशेष शिक्षणाच्या बी. एड. मध्येही शाळेतील सराव अनिवार्य आहे. परंतु हा सराव शाळा चालू असताना करावयाचा असतो. उन्हाळ्यात विद्यापीठाच्या परीक्षा असतात आणि त्या संपल्या की विद्यार्थी गावी जातात. अमरावतीच्या १९२४ च्या वर्गाला जी सुट्टी अनुकूल ठरली तीच येथे प्रतिकूल ठरते. त्या वर्गात शिकणारे मोकळे होते आणि शिकविणारेही मोकळे होते. विशेष शाळेच्या उन्हाळ्यात मात्र मुलांची गरज सर्वांत तीव्र असते त्याच आठवड्यांत छात्राध्यापकाचे अभ्यासक्रमाशी असलेले नाते सर्वांत शिथिल असते.

परिणामी जो छात्राध्यापक येतो तो बहुधा स्वयंसेवक म्हणून येतो. विदर्भात स्वयंसेवी उन्हाळ्याची परंपरा थोर आहे; बाबा आमटे ह्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात १९६७ मध्ये सुरू केलेल्या सोमनाथ प्रकल्पावरील मे महिन्यातील श्रमसंस्कार छावणी हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. परंतु छावणीचा मुख्य हेतू तेथे येणाऱ्या तरुणावर संस्कार घडविण्याचा असतो. विशेष शाळेतील उन्हाळी वर्गाचा हेतू मुलाचे नुकसान टाळण्याचा असतो. स्वयंसेवक चौथ्या दिवशी निघून गेला तर छावणीचे काम अडत नाही. विशेष शाळेतील मुलाने मात्र त्या चार दिवसांत एका नव्या चेहऱ्यावर विश्वास टाकलेला असतो. म्हणून ह्या कामात सेवाभाव आवश्यक असला तरी तो कराराची जागा घेऊ शकत नाही.

५. इतिहासाचा निष्कर्ष

छात्राध्यापक नेमण्याविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. बेल ह्यांच्या पद्धतीचा दोष येथे पुन्हा अवतरेल, कायमची पदे भरण्याऐवजी स्वस्त मनुष्यबळ वापरण्याची सवय लागेल, आणि सर्वांत असहाय मुलांच्या वाट्याला सर्वांत अननुभवी माणसे येतील, अशी ही भीती आहे. विशेष शिक्षकांच्या पदांबाबत सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुनःपुन्हा निर्देश द्यावे लागले, आणि मार्च २०२५ मध्ये पदे अधिसूचित करण्याचा आदेश काढावा लागला, हे पाहता ती भीती निराधार म्हणता येत नाही.

तथापि वर पाहिलेला इतिहास ह्या आक्षेपाचे उत्तरही सुचवितो. १८४६ च्या योजनेने स्थान लेखी केले, नॉर्मल स्कूलांनी सराव देखरेखीखाली ठेवला, आणि अमरावतीच्या वर्गाने उन्हाळ्याच्या कामाला प्रमाणपत्राची किंमत दिली. ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या तर छात्राध्यापक हा शिक्षकाचा स्वस्त पर्याय राहणार नाही. तो नोंदणीकृत शिक्षकाचा मदतनीस आणि उद्याचा शिक्षक ठरेल. १९९२ च्या कायद्याचा रोख अपात्र व्यक्तीने पद धारण करण्यावर आणि व्यवसाय करण्यावर आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, नोंदणीकृत शिक्षकाच्या हाताखाली होणाऱ्या सरावावर नाही. तसे नसते तर ह्या अभ्यासक्रमांतील सरावपाठच अशक्य झाले असते. म्हणजे कोंडी कायद्यात जितकी आहे त्यापेक्षा अधिक विद्यापीठाच्या वेळापत्रकात आहे. पहिल्या वर्षाची परीक्षा आणि दुसऱ्या वर्षाचा आरंभ ह्यांमधील अवधीतील काही आठवडे छात्रसेवाकालात धरले गेले, तर छात्राध्यापकाला उन्हाळ्यातही विद्यार्थी म्हणून स्थान मिळते. त्याचे विद्यावेतन आणि देखरेख करणाऱ्या शिक्षकाचा मोबदला ही दोन्ही कलमे अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखविणे मात्र अगत्याचे आहे. कारण दुसरे कलम गाळले की देखरेख कागदावरच राहते.

अशी नेमणूक ऐनवेळी होऊ शकत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो वा कंत्राटी, पोलिस-पडताळणी करणे संस्थेवर बंधनकारक आहे. पाच आठवड्यांच्या कामालाही ती सूट नाही, आणि असू नये. छात्राध्यापकाने सुट्टीपूर्वीच काही दिवस शाळेत येऊन मुलांशी ओळख करून घेणे तितकेच आवश्यक आहे. म्हणजे मे महिन्याच्या वर्गाची निवड जानेवारी-फेब्रुवारीत झाली पाहिजे. शाळा, अध्यापक महाविद्यालय आणि विद्यापीठ ह्या तिघांनी एकत्र बसल्याशिवाय हे घडणार नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण झाल्यामुळे विशेष शाळांना शासनात एक निश्चित दार मिळाले आहे. परंतु अध्यापक महाविद्यालये आणि विद्यापीठे त्या दाराच्या पलीकडे, निराळ्या विभागाकडे आहेत. हा सांधा जुळविण्याचे काम १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे संत गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या अमरावतीच्या विद्यापीठाच्या कक्षेत सहज येऊ शकते.

वऱ्हाडच्या उन्हाळ्याने एके काळी देशाला व्यायामशिक्षक दिले. तो उन्हाळा आजही तितकाच लांब आहे. विशेष शाळेतील मुलांच्या दृष्टीने तो पूर्वीपासूनच इतरांच्या उन्हाळ्यापेक्षा अधिक लांब होता. त्याची लांबी प्रथम कोणी मोजली पाहिजे, तर ती शिक्षक घडविणाऱ्या संस्थांनी.